ताणाला दोष देण्याआधी

चि. चिऊ,


हळदीकुंकवात कुणीतरी सगळ्यांदेखत सांगितलं, ‘टेन्शन घेणं सोड, आपोआप दिवस राहतील,’ आणि तेव्हापासून तू टेन्शन येऊ नये याचंच टेन्शन घेऊन बसली आहेस, असं ताईकडून कळलं. फोनवर तू ‘हो मावशी, हो मावशी’ करून ठेवून देतेस, म्हणून पत्र.

माझं आयुष्य प्रसूती विभागात गेलं. ताणाचा पाळीशी संबंध नाही, असं मी म्हणणार नाही. अंडाशयाला हुकूम मेंदूतून येतो. तिथला हायपोथॅलॅमस ठरावीक ठेक्यात संप्रेरक सोडतो, त्यावर पिट्युटरी चालते आणि मग बीज पिकून सुटतं. मोठा ताण आला, त्यात जेवणाची आबाळ झाली, वजन उतरलं की तो ठेका मंदावतो. बीज उशिरा सुटतं, कधी सुटतच नाही. पण तसं झालं की पाळीच चुगली करते. तुझी तर महिन्याच्या महिन्याला येते. म्हणजे बीज बहुतेक सुटतंच आहे.

अभ्यासही एका सुरात बोलत नाहीत. 2014 साली अमेरिकेत बायकांच्या लाळेतलं अल्फा-अमायलेज मोजलं. ताणात ते वाढतं. ज्यांच्यात ते सर्वाधिक होतं, त्यांना दर महिन्याला दिवस राहण्याची शक्यता सर्वांत कमी असलेल्यांपेक्षा 29 टक्क्यांनी कमी निघाली. त्याच लाळेतल्या कॉर्टिसॉलचा मात्र काही संबंध दिसला नाही. आणि 2011 साली ‘बीएमजे’त 14 अभ्यास, साडेतीन हजारांवर बायका एकत्र तपासल्या, तेव्हा उपचाराआधीच्या चिंतेमुळे आयव्हीएफच्या यशात फरक पडलेला आढळला नाही. ताण हलका करायचा तो तुझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून. मूल होत नाही याचं खापर त्याच्यावर, म्हणजे फिरून तुझ्यावरच, फोडायचं कारण नाही.

दिवस राहिल्यावर ‘रडू नकोस, बाळाला लागेल’ म्हणणाऱ्या भेटतीलच. लोकल चुकली, साहेब खेकसला, जावेशी खटका उडाला, एवढ्याने बाळाचं काही बिघडत नाही. वारेत एक विकर असतं, ते आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा जोर तिथेच मोडतं. जपायचं ते लांबत जाणाऱ्या जबर ताणाला: घरातली मारहाण, औषधपाण्याविना राहिलेलं नैराश्य. त्याने 37 आठवड्यांआधी प्रसूती होण्याची, बाळाचं वजन कमी भरण्याची जोखीम वाढते. पंधरा दिवस झोप नाही, कशात मन नाही, असं झालं तर लाजू नकोस, डॉक्टरांना सांग. सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा नंबरही आहे. मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

आता मुख्य. पस्तिशीच्या आत वर्षभर, पस्तिशीनंतर सहा महिने वाट पाहून तपासण्या करायच्या असतात. तुमचं वर्ष केव्हाच उलटलं. थायरॉइड, सोनोग्राफी, मग नळ्या हे तुझं. पण जावईबापू म्हणे ‘आधी हिचं बघू’ म्हणतात! जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं, आणि वीर्यतपासणीइतकी सोपी, स्वस्त तपासणी दुसरी नाही. तिला ना सुई लागते ना भूल. येत्या आठवड्यात दोघं मिळून जा आणि पहिली चिठ्ठी त्यांच्या नावाची काढून घे.

तुझी,
मावशी