वेदी गेली, मग वाहावे काय?

सज्जनहो, आपल्या कोकणात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेले बेने इस्राएल लोक आपणांस ठाऊक असतील. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांच्या यहुदी धर्मातील एक प्रश्न आम्हांस फार चिंतनीय वाटतो.

जेरुसलेमच्या मंदिरात रोज सकाळी एक आणि दिवस कलता एक, असे दोन कोकरांचे बली होत. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर जाळले. दुसरीकडे बली देण्यास शास्त्राची आज्ञा नाही. मग धर्म बुडाला काय? नाही. रब्बींनी, म्हणजे त्यांच्या शास्त्री मंडळींनी, प्रार्थना हीच अंतःकरणाची सेवा असे सांगितले. नित्य प्रार्थनेच्या वेळा बलीच्या वेळांशी जुळविल्या. दुपारनंतरच्या प्रार्थनेचे ‘मिन्हा’ हे नावच मुळी अर्पणवाचक आहे.

येथे कोणी शंका घेईल, की कोकराला दाम मोजावे लागत. शब्दाला काय पडते? ही तर यज्ञाची स्वस्तातली सोय झाली! शंका रास्त आहे. तिचे उत्तर त्यांच्याच ग्रंथांत आहे.

मंदिर बांधले जाण्याच्याही आधीची गोष्ट. शिलो येथील देवस्थानी हन्ना नावाची निपुत्रिक बाई वर्षाच्या यज्ञास नवऱ्याबरोबर आली. ती एकीकडे प्रार्थना करू लागली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एली पुजाऱ्यास वाटले, बाई प्यालेली आहे! तिचे मागणे काय, तर मुलगा दे, तो तुलाच वाहीन. मुलगा झाला, अंगावरचा सुटला, आणि तिने तो खरोखरच देवस्थानी आणून दिला. तोच पुढे शमुवेल प्रवक्ता झाला. प्रार्थना कशी करावी हे रब्बी याच बाईवरून शिकवितात. आता सांगा, ही प्रार्थना स्वस्त होती काय?

पुढे बाबिलोनात रब शेशेत नावाचे रब्बी झाले. उपवासाच्या दिवशी ते देवास विनवीत, की आज माझी चरबी आणि रक्त घटले, तेच वेदीवरचे अर्पण समज.

यज्ञातही मोल पाहिले जाई ते देणाऱ्याच्या ऐपतीवर. काही पापांच्या प्रायश्चित्तास कोकरू नसेल तर दोन कबुतरे, तीही नसतील तर थोडे पीठ चाले. रिकामे हात मात्र चालत नसत. मंदिर पुन्हा उभे राहावे, असे यहुदी आजही प्रार्थनेत मागतात. वेदी नाही म्हणून देणे सुटले, असे त्यांनी मानले नाही. तेव्हा मागावयास उभे राहिलो, की आपण आणले काय, हेही एकदा पाहावे.