गांडीव सुटतंय, हे सांगायला हवं



आजचं चिंतन : भगवद्गीता, अध्याय १, श्लोक २९ आणि ३०. (काही प्रतींत क्रमांक एकाने मागेपुढे असतो, गोंधळू नका.)

पहिला अध्याय आपण बहुतेक जण उरकतो. कोणी कोणता शंख वाजवला ते झालं, की 'खरी गीता' दुसऱ्यापासून. मीही तसंच वाचायचे. पण गेले तीन महिने मी या दोन श्लोकांपाशीच थांबले आहे, आणि कारण आहे माझी एक मैत्रीण.

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. हा मज्जासंस्थेचा आजार. २०१६च्या अपंगत्व हक्क कायद्यात जे २१ प्रकार धरले आहेत, त्यात तो आहे. पण तो बाहेरून दिसत नाही. पंख्याखाली बसली की ही अगदी तुमच्याआमच्यासारखी. उन्हात उतरली, की पाय जड, नजर धूसर, आणि दुपारनंतर हातातला कप कधी सुटेल सांगता येत नाही. त्यातही एक आठवडा बरा जातो, पुढचा आठवडा अंथरुणात. नोकरी सुटली. घरात आई आणि ती, दोघीच.

स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरला, तारीख मिळाली, मी सोबत गेले. त्या दिवशी तिने इस्त्रीचा ड्रेस घातला, काजळ लावलं. आईने निघताना बजावलं होतं, "डॉक्टरांपुढे रडगाणं गाऊ नकोस." डॉक्टरांनी विचारलं, "चालता येतं का?" ही म्हणाली, "हो." "स्वतःचं स्वतः करता?" "हो, करते ना." मी मध्येच बोलायला गेले तर डॉक्टर म्हणाले, "पेशंटला बोलू द्या." बाहेर दीडशे माणसं रांगेत होती. त्यांचाही राग नाही मला.

कार्ड आलं ते पांढरं, म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली. ४० ते ८०ला पिवळं, त्यावर निळं. आणि सगळं अडतं ते त्या चाळीसच्या रेघेवर : संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, सरकारी नोकरीतल्या राखीव जागा, बरंच काही. त्या रात्री ती फोनवर हसून म्हणाली, "जाऊ दे गं, मी ठीक आहे."

आता श्लोकाकडे या. अर्जुन म्हणजे त्या काळातला सगळ्यात नावाजलेला धनुर्धर, आणि तो काय सांगतोय? हातपाय गळाले, घशाला कोरड पडली, थरथर सुटली, कातडीची आग होतेय, उभंही राहवत नाही. आणि गांडीव हातातून निसटतंय! दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा राहून सांगतोय तो हे. "जरा बरं वाटत नाहीये" असं मोघम नाही. कुठे, काय, कसं, एकेक अवयव घेऊन. मला तर हे वाचताना केस पेपर वाचल्यासारखं वाटतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की दुखणं सांगणं म्हणजे दुबळेपणा. अर्जुन ते सांगतो, आणि तरी तो अर्जुनच राहतो.

आणि कृष्ण? तो अध्याय संपेपर्यंत एक शब्द बोलत नाही. हातात लगाम, कान इकडे. पुढे चौथ्या अध्यायात तो अर्जुनाला भक्त म्हणतो आणि सखाही म्हणतो. पण ती मैत्री मला इथेच दिसते, या गप्प बसण्यात. त्याने अर्जुनाच्या वतीने काही सांगितलं नाही. सांगता येईल एवढा वेळ रथ थांबवून धरला.

कोणी म्हणेल, पण नंतर कृष्णाने त्याला झापलंच की! हो. पण सगळं ऐकून घेतल्यावर. आणि अर्जुनाचे हात शोकाने गळाले होते, त्याच्या नसांना आजार नव्हता. म्हणून आजारी मित्राला "ऊठ, मन खंबीर कर" हे गीतेच्या नावाने कृपया ऐकवू नका. मी एकदा ऐकवलंय. तिचा चेहरा अजून आठवतो.

मग आम्ही एक वही केली. रोज रात्री तीन-चार ओळी. किती पायऱ्यांनंतर बसावं लागलं, अंघोळीला किती वेळ लागला, काय हातातून पडलं. चांगला दिवस असेल तर तोही लिहायचा. पहिले चार दिवस तिने कोरेच सोडले. पाचव्या दिवशी लिहिलं, "आज वेणी आईने घातली." ते वाचून मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

रांगेत एका काकांनी सल्ला दिला होता, "पुढच्या वेळी काठी आणा, लंगडत चाला, सगळे तेच करतात." मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण सतराव्या अध्यायात वाणीचं तप सांगितलंय, त्यात सत्य आहे, प्रिय आहे आणि हितही आहे. काठीचं नाटक त्यात बसत नाही. आणि खरं सांगायचं तर "मी ठीक आहे"सुद्धा बसत नाही. ते प्रिय आहे फक्त. समोरच्याला अवघड वाटू नये म्हणून बोललेलं. त्यात सत्य नाही, आणि तिचं हित तर अजिबातच नाही.

निर्णय पटला नाही तर अपील करता येतं, कायद्याच्या ५९व्या कलमात तशी तरतूद आहे. तुमच्या ओळखीत कोणी पांढरं कार्ड घेऊन गप्प बसलं असेल तर त्यांना हे सांगा. आम्ही केलं. न्यूरॉलॉजिस्टकडून नवं पत्र घेतलं, त्यात आजाराच्या नावासोबत रोजच्या हालचालींवर काय परिणाम होतो तेही लिहून मागितलं. एमआरआयचे रिपोर्ट तारखेनुसार लावले.

फेरतपासणी उद्या आहे. सकाळी साडेसातला रिक्षा सांगितलीय. मूळ कागद, प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स, पाण्याची बाटली, ओला रुमाल आणि वही. आत बोलायचं तिनेच, मी शेजारी बसणार आहे. मघाशी तिचा मेसेज आला, "काजळ लावू का?" मी लिहिलं, "लाव की. फक्त वेणी कोणी घातली ते सांग."

राम कृष्ण हरी.