जॉबरचा तळहात

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात नारिंगी इअरप्लग वाटले गेले. प्रत्येक कामगाराला एक जोड, वर कसा घालायचा याचं रंगीत पोस्टर. वाटणारी मुलगी पुण्याची, सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर पदवी करणारी. अभ्यासक्रमाची अट अशी होती की संशोधनाने जे सिद्ध झालंय ते माणसाच्या रोजच्या वापरात आणून दाखवायचं. नुसता प्रबंध चालणार नाही.

महिन्याने ती पाहणीला आली, तर शेडमध्ये एकाच्याही कानात प्लग नव्हता. एकाने पोराला खेळायला दिला होता. काहींचे डब्याच्या पिशवीत पडून होते. नेमाने वापरणारा माणूस सबंध कारखान्यात एकच सापडला, तो म्हणजे रात्रीचा चौकीदार. तो दिवसा कारखान्याच्या मागच्या खोलीत झोपायचा. "मॅडम, इतक्या वर्षांत अशी झोप लागली नव्हती," म्हणाला आणि आणखी एक जोड मागून घेतली.

तिने अहवालात लिहिलं: कामगारांमध्ये जागरूकतेचा अभाव. हे वाक्य आपल्याकडच्या आरोग्य-अहवालांत इतकं येतं की त्याचा रबरी शिक्का करून ठेवायला हरकत नाही.

तिच्या मार्गदर्शक सरांनी अहवाल वाचला आणि विचारलं, "तुझ्याच प्रश्नावलीत आवाजाने कान जातो का, असा प्रश्न आहे. हो किती जण म्हणाले?"

"जवळजवळ सगळेच."

"मग अभाव कुणात आहे?"

तिच्याकडे उत्तर नव्हतं. सरांनी तिला रामाझ्झिनीची गोष्ट सांगितली. इटलीतल्या मोडेना शहरात या वैद्याच्या घरचा शौचकूप उपसायला एक माणूस आला होता. तो फार घाईने काम करत होता. रामाझ्झिनीने विचारलं, एवढी घाई का? माणूस म्हणाला, इथे चार तासांच्या वर राहिलं तर डोळ्यांचं काय होतं, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. वैद्याने त्याचे डोळे तपासले, शहरातल्या त्या धंद्यातल्या इतरांचेही पाहिले आणि पुढे 1700 साली कामगारांच्या रोगांवरचा आपला ग्रंथ छापला. रोग्याला नाडी, झोप, भूक विचारता तसं काम कोणतं करतोस हेही विचारा, हे वैद्यांना सांगणारा तो हाच.

"तू काम विचारलंस," सर म्हणाले, "पाहिलं नाहीस. आठवडाभर पूर्ण पाळी शेडमध्ये उभी राहा. आणि कानात तुझाच प्लग घाल."

सोलापुरात 1877 पासून गिरण्या सुरू झाल्या, पुढे हातमागांचे यंत्रमाग झाले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांच्या पिढ्या इथे ताणा-बाणा सांभाळत जगल्या. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालंय. मात्र त्या टॉवेलमागचा आवाज दुकानात पोचत नाही. धोट्याच्या जुन्या मागांच्या शेडमध्ये तो शंभर डेसिबलच्या आसपास जातो. आपल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी 90 ची मर्यादा आहे. अमेरिकेतली व्यावसायिक आरोग्याची संशोधन संस्था 85 वरच थांबायला सांगते आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करते. त्या हिशेबाने शंभर डेसिबलमध्ये माणसाने पंधरा मिनिटं उभं राहावं. इथे पाळी संपायला पंधरा मिनिटं उरलेली असतात तेव्हा लोक डबा आवरायला घेतात.

शेडमध्ये पहिल्या दिवशी तिला कांड्या भरायला बसवलं. कानात प्लग होते, डोकं शांत होतं, आणि तिला वाटलं, किती सोपं आहे हे. दुसऱ्या दिवशी तिला एका मागाशेजारी उभं केलं. थोड्या वेळाने पलीकडून, चार माग ओलांडून, मागांची देखभाल करणारा म्हातारा जॉबर धावत आला आणि त्याने माग बंद केला. धोटा पेटीत नीट बसत नव्हता. आणखी काही फेऱ्यांत तो ताण्यात अडकून शेकडो धागे तुटले असते, नाहीतर उडून कुणाला लागला असता. ती हातभर अंतरावर होती आणि तिला काहीच कळलं नव्हतं.

"मॅडम, काय बघायलाव?" जॉबर म्हणाला. "माग बोंबलत होता की."

मग त्याने खुणेनेच तिला प्लग काढायला लावले. शेजारच्या दोन चालू मागांकडे आळीपाळीने बोट करून कानाजवळ ओरडला, "ह्यो बरोबर हाय. आता त्यो ऐका." तिला दोन्हींत काडीचा फरक कळेना. एका कामगाराकडे चार-चार माग. पगार नगावर, आणि खराब नगाचे पैसे कापले जातात. चारही माग डोळ्यांसमोर ठेवता येत नाहीत, म्हणून पाठीमागचे दोन कानाने सांभाळायचे. कान बंद करा म्हणणारं पोस्टर या माणसाला निम्मे माग सोडून दे म्हणत होतं.

इथपर्यंतची गोष्ट कुणीही हुशार विद्यार्थी हेरेल. तिला खरी चपराक पुढे बसली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती जॉबरचा कान तपासायला त्याच्या घरी गेली, नीलम नगराच्या बाजूला. आधीच्या तपासण्या तिने पाळी सुटताच केल्या होत्या. तेव्हा कान तात्पुरता बधिर असतो, त्यामुळे मोजमाप फसवं येतं. आवाजापासून चौदा-सोळा तास लांब राहिलेल्या कानाचाच आलेख खरा. जॉबरची बायको, म्हणजे मामी, सुपात पानं घेऊन विड्या वळत बसली होती. टीव्ही गल्लीला ऐकू जाईल एवढा मोठा. "आमच्यात भांडण नसतं हां," मामी मोठ्याने म्हणाल्या, "बोलायचंच असं."

आलेखात चार हजार हर्ट्झच्या जागी खोल खड्डा निघाला. आवाजाने गेलेल्या कानाची ही ओळखीची खूण. तिच्या मनात प्रश्न आला: एवढे उंच सूर या माणसाला ऐकूच येत नसतील, तर परवा चार मागांपलीकडून त्याला कळलं कसं?

"मामा, तुम्हाला खरंच ऐकू आलं होतं?"

म्हातारा हसला. "कान कवाच गेला. त्या मागाची चाल फरशीतनं पायाला लागली. मग हात ठिवला." त्याने दाखवलं: तळहात मागाच्या बीडाच्या सांगाड्यावर सपाट ठेवायचा. धोट्याला ठोकर देणारा पिकर झिजला की ठोका कसा लागतो, पट्टा सैल झाला की कसा, धोटा उशिरा पोचला की कसा. कान जात गेला तसा तो हाताने शिकत गेला होता, आणि कुणालाही सांगितलं नव्हतं. कान गेला हे मालकाला कळलं तर काम जाईल, ही भीती.

ती सरांकडे परतली तेव्हा वहीत प्रश्न वेगळे होते. स्पंजचा प्लग उंच सूर जास्त दाबतो, आणि कामगाराला झिजल्या पिकरचा पत्ता लागतो तो बहुधा त्याच सुरांतून. शंभराचे 85 करायला पंधराच डेसिबल कमी करायचे आहेत. मग पंचवीस-तीस दाबणारा प्लग का वाटला? कारण तोच स्वस्त होता आणि आकडा मोठा होता. सगळे सूर सारखे आणि थोडेच दाबणारे प्लग मिळतात, ते का नाहीत? झिजलेला पिकर वेळेवर बदलला आणि मागाच्या पायांखाली रबर घातलं तर मुळातला आवाज किती उतरतो?

सरांनी तिला गडचिरोलीची आठवण करून दिली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यासमोर प्रश्न होता की फारसं मोजता न येणाऱ्या दाईला बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखता कसा येईल. त्यांनी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या ओळी असं साधन केलं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर औषध. "दाईला दहाच्या पुढे मोजायला शिकवायचा वर्ग त्यांनी काढला असता तर?" एवढंच विचारून ते चहा घ्यायला गेले.

मालकाशी बोलणं लांबलं. पिकर बदलायला तो लगेच तयार झाला, धागा कमी तुटतो हे त्याला पटलं. रबर आधी दोनच मागांखाली, बाकीचं दिवाळीनंतर बघू. नवे प्लग महाग, ते कॉलेजने द्यावेत.

जॉबरने मात्र प्लग परत केला. "माझं गेलं ते गेलं. नव्या पोरांस्नी द्या. पण आदी त्यांना हात ठिवायला मी शिकिवतो, मग कान झाका."

"त्या वेळेचा पगार कोण देणार?" मालकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. पोस्टर छपाईसाठी प्रकल्पात ठेवलेली रक्कम सरांनी जॉबरच्या मानधनाकडे वळवली. जॉबरने त्यात थोडी वाढ मागून घेतली, तीही मिळाली.

सुधारित आराखडा नीतिमत्ता समितीकडे गेला आणि शेरा घेऊन परत आला: प्रशिक्षकाची शैक्षणिक पात्रता नमूद करावी. तिने रकान्यात लिहिलं, चौथी पास. अनुभवाच्या रकान्यात, यंत्रमागावर तीस वर्षे. संशोधनातील भूमिका या रकान्यात तिने 'साहाय्यक' लिहिलं होतं. सरांनी ते खोडून 'सहसंशोधक' केलं, शेजारी सही केली आणि अर्ज पुन्हा समितीकडे पाठवला.