सोंगाड्या, अँकर आणि सोलापूरची एक रात्र

२ फेब्रुवारी २०२५. सोलापुरात विनोदकार प्रणित मोरेचा स्टँडअपचा प्रयोग संपला होता. चाहते फोटो काढून पांगले आणि चाहते म्हणूनच पुढे आलेल्या दहा-बारा जणांनी त्याला मारहाण केली. कारण, अभिनेता वीर पहारियावर त्याने केलेले विनोद. पहारिया हे सोलापूरचे माजी मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांचे नातू. या हल्ल्याशी आपला संबंध नाही, असं पहारियांनी जाहीर केलं आणि माफीही मागितली.

हे तमाशाच्या मुलखात घडलं, म्हणून जास्त लागतं. वगातला सोंगाड्या राजाच्या तोंडावर त्याची फजिती करतो आणि ती मुभा फडात बसलेल्या सगळ्यांना मान्य असते.

टीव्ही आल्यावर राजा बदलला. आता सिंहासनावर अँकर होता आणि पाहुण्याचा माइक कधी बंद करायचा, हे त्याच्या हाती होतं. १५ ऑक्टोबर २००४ रोजी अमेरिकन विनोदकार जॉन स्ट्युअर्ट सीएनएनच्या 'क्रॉसफायर'मध्ये गेला आणि तुमच्या भांडणांनी देशाचं नुकसान होतंय, असं त्याने दोन्ही सूत्रसंचालकांना समोरासमोर सांगितलं. जानेवारी २००५मध्ये वाहिनीने कार्यक्रम बंद करायचं ठरवलं. स्ट्युअर्टचं म्हणणं पटतं, असं वाहिनीचे प्रमुखच म्हणाले.

आपल्याकडे गाडी वेगळ्या रुळावर गेली. २८ जानेवारी २०२० रोजी मुंबई-लखनौ विमानात विनोदकार कुणाल कामराने 'रिपब्लिक'चे अँकर अर्णब गोस्वामींना त्यांच्याच शैलीत प्रश्नांनी घेरलं आणि हे आत्महत्या केलेला हैदराबादचा विद्यार्थी रोहित वेमुला याच्या आईसाठी आहे, असं सांगितलं. गोस्वामी गप्प राहिले. ज्याला उठून जाता येत नाही, त्याच्यावर असा मारा करणं चूकच. त्यात अँकरची अरेरावी उघडी पडण्याऐवजी तिची नक्कल झाली. पण शिक्षेचं प्रमाण पाहा. इंडिगोने त्याला सहा महिन्यांची बंदी घातली, इतर विमान कंपन्याही मागोमाग आल्या. अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूच्या प्रकरणात मात्र रिपब्लिक आणि टाइम्स नाऊचं वार्तांकन प्रथमदर्शनी न्यायालयाचा अवमान करणारं आहे, असं मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी म्हटलं, तरी कारवाई झाली नाही.

मग अशा कार्यक्रमांवर संतापायचं का? अँकर नुसता आरडाओरडा करत असेल, तर त्याला विनोद पुरतो. संतापाने त्याचे प्रेक्षकच वाढतात. पण पडद्यावर जिथे उत्तर देण्याची सोय नसलेल्या माणसाचं आयुष्य चिवडलं जातं, तिथे संताप हवाच.

ऑगस्ट २०२५मध्ये प्रणित 'बिग बॉस'च्या घरात गेला. स्वतःवरच्या जुन्या विनोदांवरून सूत्रसंचालक सलमान खानने त्याला सगळ्यांसमोर सुनावलं. ते कडक होतं, पण विनोदाला उत्तर शब्दांनी मिळालं. प्रणित त्याच घरात विनोद करत राहिला आणि डिसेंबरमध्ये अंतिम फेरीत पोहोचला.