माहेर नसलेला देश

कॅनॉट प्लेसपासून इंडिया गेटकडे जाणारा दिल्लीतील एक रस्ता पूर्वी कर्झन रोड म्हणून ओळखला जाई. आज तो कस्तुरबा गांधी मार्ग आहे. ब्रिटिश कौन्सिल आणि अमेरिकन सेंटर या संस्था याच मार्गावर आहेत. २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदनही येथेच आहे. परक्या देशात राहू लागलेल्या माणसाने आपले काय सोडावे, आणि ते सोडायला लावण्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचा एक अवघड धडा ज्यांचे नाव या मार्गाला मिळाले त्यांच्याच आयुष्यात सापडतो.

१८९७ च्या जानेवारीत कस्तुरबा मुलांसह डर्बनच्या बंदरात उतरल्या. सुधारलेले दिसण्यासाठी कुटुंबाने पारशी पद्धतीचा पोशाख करावा, बूट-मोजे घालावेत, जेवताना काटे-चमचे वापरावेत, असे गांधींनी ठरविले होते. बुटांनी पाय आवळत, मोज्यांना घामाचा वास येई, बोटे दुखत. पुढे या चिन्हांचा मोह ओसरल्यावर गांधींनी ती टाकली आणि घरच्यांचीही सुटका झाली. हे सारे त्यांनी आत्मकथेत स्वतःच सांगितले आहे.

त्याच आत्मकथेत १८९८ मधील दुसरा प्रसंग येतो. डर्बनचे घर पाश्चात्त्य धर्तीचे असल्याने खोल्यांना मोऱ्या नव्हत्या. प्रत्येक खोलीत मूत्रपात्र असे. घरात राहणाऱ्या कारकुनांपैकी एक ख्रिस्ती होता. त्याचे आईबाप पंचम, म्हणजे अस्पृश्य मानलेल्या समाजातले. तो नवखा असल्याने त्याचे पात्र पती-पत्नींनीच उचलावयाचे होते. इतरांची पात्रे कस्तुरबांनी सोसली. हे मात्र त्यांना असह्य झाले. त्यांनी ते उचलले, पण डोळ्यांत पाणी होते. पत्नीने हे काम हसतमुखाने करावे या हट्टाने गांधींनी त्यांना हाताला धरून फाटकापर्यंत ओढीत नेले. येथे माझे आईबाप नाहीत, मी जाऊ कोठे, या अर्थाचे कस्तुरबांचे उद्गार ऐकून ते शरमले.

वरवर पाहता दोन्ही प्रसंग परदेशातील राहणीतून उद्भवलेल्या अडचणींचे आहेत. नैतिक दृष्ट्या त्यांची जात वेगळी आहे. बूट न घातल्याने कोणाचाही अपमान होत नव्हता. तेथे दुसऱ्यांच्या नजरेतील प्रतिष्ठेची किंमत पत्नीच्या पायांनी मोजली. मूत्रपात्राच्या प्रसंगी मात्र एका माणसाची प्रतिष्ठा पणाला लागली होती. कस्तुरबांनी घरून आणलेली किळस ही केवळ सवय नव्हती. तिच्यात शतकांचा अन्याय मुरलेला होता. स्वतःची संस्कृती जपणे हे नेहमीच निरागस असते, असे मानणाऱ्यांनी हा प्रसंग विसरू नये. तत्त्व गांधींचेच खरे होते, आणि ते स्वतःही पात्रे उचलीत होते.

मग चुकले कोठे? मराठीतील ‘माहेर’ या शब्दाचा आधार घेतला, तर उत्तर स्पष्ट होते. सासरच्या जाचाला माहेरची निदान कल्पित तरी मर्यादा असते. परदेशात तीही उरत नाही. जिला परतीची वाट नाही, तिच्या होकाराला होकार म्हणता येत नाही. पुढील घटनांनी हेच दाखविले. १९१५ मध्ये अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दुदाभाईंचे अस्पृश्य कुटुंब राहावयास आले, तेव्हाही कस्तुरबांची नाराजी लपली नाही. सतरा वर्षांपूर्वीच्या बळजबरीने हात कामाला लावला होता; मन वळविले नव्हते. उलट १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील न्यायालयाच्या निर्णयाने हिंदी लोकांचे विवाहच अवैध ठरू लागले, तेव्हा सत्याग्रहातून आपल्याला का वगळले, असा जाब कस्तुरबांनी पतीला विचारला आणि तीन महिन्यांची सक्तमजुरी आपण होऊन पत्करली.

अशी स्वेच्छा पंडिता रमाबाईंच्या परदेशवासात आरंभापासून दिसते. १८८६ ते १८८८ या काळात त्या अमेरिकेत होत्या आणि १८८९ मध्ये त्यांचे तेथील लोकस्थितीवरील मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले. तेथील स्त्रियांच्या संघटनांचे त्यांनी मनापासून कौतुक केले, वर्णभेदाचा निषेध केला आणि स्वतःचा शाकाहार सोडला नाही. काय घ्यावे, काय नाकारावे, हे त्यांना कोणी हात धरून शिकविले नव्हते. म्हणूनच यजमानांची परीक्षा करण्याची मोकळीक त्यांना राहिली.

आज मुलाकडे परदेशी राहावयास गेलेल्या एखाद्या आईला पाहुण्यांसमोर हाताने जेवू नकोस, असे सांगितले जाते. आणि तिने एखाद्याच्या जातीमुळे त्याच्या पंक्तीला बसण्याचे टाळले, तर तेही करू नकोस, असे सांगितले जाते. पहिली सूचना मुलाने स्वतःच्या संकोचाशी ताडून पाहावी. दुसरी त्याने अवश्य करावी. मात्र त्या घरात आईचे माहेर नाही, याचे भान ठेवून, आणि ती रुसली तर तिच्यासाठी दार उघडे ठेवून नव्हे, तर शेजारी जागा ठेवून.