गरज कीं सोय?

अमेरिकेंत १९७१ सालीं कायद्यानें मोकाट घोड्यांस अभय मिळालें. पुढें सरकारी अंदाजाप्रमाणें कुरणांस झेपणारा आंकडा सुमारें २७,००० असतां, २०२० सालीं घोडे व गाढवें मिळून सुमारें ९५,००० झालीं. तेव्हां वीण आटोक्यांत ठेवणें भाग आहे, हें आम्ही मान्य करितों. उपासमारीनें मरणें ही कांहीं स्वातंत्र्याची शोभा नव्हे.

परंतु ऑरेगॉन राज्यांत २०१८ सालीं योजिलेला उपाय पाहावा. घोडीस गुंगी देऊन, योनिमार्गांत छेद घेऊन, आंत हात घालावयाचा आणि केवळ स्पर्शानें अंडाशय चांचपून सांखळीच्या उपकरणानें तोडून काढावयाचे. रक्तस्राव, गर्भपात, क्वचित् मृत्यु, हे त्याचे धोके. न्यायालयानें त्याच वर्षीं तात्पुरती मनाई केली व ती योजना मागें घेण्यांत आली.

समर्थक म्हणतात, एकीच्या वेदनेनें कळप वांचतो. पण वेदना जिची, संमति तिची नव्हे. म्हणून दुसरा मार्ग नाहीं हें सिद्ध करण्याचा भार शस्त्र धरणाऱ्यावर पडतो. गर्भधारणा रोखणारी लस उपलब्ध आहे. ती पुनःपुन्हां टोंचावी लागते, हा त्रास माणसाचा. तो वांचविण्यासाठीं मुक्या जिवावर शस्त्र चालविणें, यास आम्ही गरज म्हणत नाहीं, सोय म्हणतों.