हरवलेली गोधडी

मोशेच्या नियमशास्त्रात हरवलेल्या वस्तूंविषयी एक लहानसा नियम आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायाच्या आरंभीच तो येतो. आपल्या बंधूचा बैल किंवा मेंढरू भरकटलेले दिसले तर डोळेझाक करू नये, ते त्याला नेऊन द्यावे. मालक दूरचा असेल किंवा कोण ते ठाऊक नसेल, तर जनावर आपल्या घरी आणावे आणि तो शोधत येईपर्यंत सांभाळावे. पुढच्याच ओळीत गाढवाबरोबर वस्त्राचाही उल्लेख आहे. बैल, मेंढरू, गाढव यांची किंमत कोणालाही कळते. त्यांच्या पंक्तीला एक अंगावरचे वस्त्र बसवावे असे नियमकर्त्याला का वाटले असावे? त्याहूनही विचार करण्याजोगी आहे ती ‘शोधत येईपर्यंत’ ही मुदत. येथे दिवस मोजून दिलेले नाहीत. ज्याचे हरवले तो शोधत येईल, असे नियमाने गृहीतच धरले आहे. त्याची आशा आणि वस्तू ज्याच्या हाती आहे त्याचे कर्तव्य ही एकाच दोऱ्याची दोन टोके आहेत. एक टोक हातात धरलेले असेल तोवर दुसऱ्यालाही ताण बसतो.

हरवलेली वस्तू परत मिळण्याची आशा बाळगणे योग्य की अयोग्य, आणि त्या आशेचे इतरांवर काही ऋण असते काय, हा प्रश्न मला गोधडीच्या निमित्ताने मांडावयाचा आहे. सोने किंवा रोख रक्कम हरवली तर हा प्रश्न इतका अवघड होत नाही. सोन्याच्या जागी तेवढेच सोने आणि नोटेच्या जागी नोट देता येते. गोधडीचे तसे नाही. आगोटीच्या आधी, मे महिन्याच्या दुपारी ओटीवर बसून आपल्या आया-आज्यांनी ज्या गोधड्या शिवल्या त्यांत विकत आणलेले असे जवळजवळ काहीच नव्हते. विरलेले लुगडे, सासऱ्यांचा सदरा, एखाद्या मुलाचा लहानपणीचा झगा, असे थर एकावर एक अंथरायचे आणि कडेपासून आत आत धावदोरा घालीत जायचे. हेच कपडे बोहारणीच्या पुढ्यात टाकले तर एखादे पातेले मिळाले तर मिळाले. शिवून झाल्यावर मात्र त्याच चिंध्यांना घरातले मूल दुसरे कोणतेही पांघरूण जवळ येऊ देत नाही. बाजाराच्या हिशेबात शून्य आणि घराच्या हिशेबात अमोल अशी ही वस्तू आहे. चोरीचे माप किमतीवर ठरविण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची मापे येथे निकामी ठरतात.

ही गोष्ट केवळ आपल्याकडची नव्हे. तुकडे जोडून पांघरूण शिवण्याची कला अमेरिकेतही घरोघर होती. जॉर्जिया राज्यात १८३७ साली गुलामगिरीत जन्मलेल्या हॅरिएट पॉवर्स या कृष्णवर्णीय स्त्रीने पुढे स्वतंत्र झाल्यावर एक गोधडी शिवली. तिच्या अकरा चौकटींत एदेन बागेपासून शेवटच्या भोजनापर्यंतचे प्रसंग कापडाच्या आकृतींनी मांडलेले आहेत. १८८६ साली अथेन्स या गावच्या कापूस प्रदर्शनात ती जेनी स्मिथ नावाच्या चित्रकला शिक्षिकेने पाहिली व मागितली. हॅरिएटने विकण्यास नकार दिला. काही वर्षांनी घरची ओढाताण वाढली तेव्हा तिने स्वतःच दहा डॉलर सांगितले; समोरून पाच आले आणि तेवढ्यावर सौदा झाला. हा व्यवहार चोरीचा नव्हता, सरळ खरेदीखताचा होता. तरीही हॅरिएट पुढे अनेकदा आपली गोधडी नुसती पाहण्यासाठी त्या बाईंच्या घरी येत असे. आज ती वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. हक्क कायद्याने संपला तरी नाते संपत नाही, हे पाच डॉलरच्या या सौद्यातून दिसते. मग जेथे हक्कही संपलेला नाही तेथे काय म्हणावे?

आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क बाईंची गोष्ट येथे सांगतो. नाव-गाव सांगण्याचे कारण नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी जाताना आगगाडीच्या फळीवर ठेवलेली त्यांची पिशवी कोणीतरी उचलली. पिशवीत चार भांडी, तूप, सुंठ आणि बाळासाठी नेलेली, त्यांच्या आईच्या हातची गोधडी. तक्रार लिहून घेणाऱ्या हवालदाराने प्रत्येक जिनसेची किंमत विचारली. भांड्यांची सांगितली, तुपाचीही सांगितली. गोधडीपाशी बाई थांबल्या. हवालदार भला माणूस होता. त्याने स्वतःच ‘जुने कापड’ असे लिहिले आणि पुढचा रकाना रिकामा सोडला. त्या दिवसापासून गाडीत बसल्या की त्या खिडकीची जागा मागतात आणि रुळांच्या कडेच्या वस्त्यांत दोरीवर काय वाळत घातले आहे ते पाहत राहतात. लाल काठाची उभी पट्टी दिसली की मान वळते.

अशा माणसाचे सांत्वन करावयास सगळेच धावतात. ‘जाऊ द्या, कुणा गरिबाच्या लेकराला ऊब मिळत असेल,’ हे वाक्य तर इतके सर्रास वापरले जाते की ते जणू शुभवर्तमानातच आहे असे वाटावे. बाईंचे उत्तर मला अजून आठवते. “फादर, त्याने मागितली असती तर मी त्याला दुसरी शिवून दिली असती.” संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ‘सुम्मा’ या ग्रंथात मान्य केले आहे की, जीवावरच बेतले असता गरजवंताने दुसऱ्याचे घेतले तर ती चोरी ठरत नाही. थंडीने काकडणाऱ्या मुलासाठी कोणी ती गोधडी उचलली असेल, तर हे वचन त्याच्या बाजूने उभे राहील. परंतु ते वचन घेणाऱ्याची गरज तोलण्यासाठी आहे. जिचे गेले तिने दुःख आवरते घ्यावे यासाठी नव्हे. चोराला क्षमा करण्याचा अधिकार फक्त जिचे गेले तिचा आहे. शेजाऱ्यांनी तिच्या वतीने ती परस्पर वाटून टाकणे हा फुकटचा उदारपणा होय.

आता आशेकडे येऊ. सेमिनरीत आम्हांला शिकविले गेले की आशेचा विषय होण्यासाठी संत थॉमस चार गोष्टी आवश्यक मानतात: ती वस्तू चांगली असावी, ती अद्याप प्राप्त व्हावयाची असावी, ती कष्टसाध्य असावी आणि तरीही ती शक्य असावी. विशीतल्या विद्यार्थ्याला हे नुसते वर्गीकरण वाटते. चोरीला गेलेल्या गोधडीपाशी ते एकाएकी जिवंत होते. गोधडी आगीत जळाली असती तर चौथी अट तुटली असती. माणूस रडला असता आणि यथावकाश सावरला असता. चोरीला गेलेली गोधडी मात्र कोठेतरी असते. ती कोणीतरी पांघरते, धुते, उन्हात घालते. तिची प्राप्ती अतिशय कठीण, पण अशक्य नव्हे. म्हणूनच ही आशा सुखद नसते. ती माणसाला शोकही करू देत नाही. ज्यांच्या घरचे माणूस बेपत्ता झाले आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. वस्तू आणि माणूस यांची तुलना करण्याचा माझा हेतू नाही, परंतु दोन्ही ठिकाणी वाट पाहण्याची जात एकच असते.

येथे कोणी म्हणेल की, पृथ्वीवर संपत्ती साठवू नका, तेथे कसर लागते व चोर घर फोडतात, असे प्रभूनेच सांगितले आहे. मग एका पांघरुणात जीव अडकवणे ख्रिस्ती माणसाला शोभते काय? आक्षेप वजनदार आहे. परंतु ज्या प्रभूने हे सांगितले त्यानेच एका नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी स्त्रीही आपल्यापुढे उभी केली, आणि नऊ नाणी शिल्लक असताना दहाव्याचा ध्यास कशाला, असे तिला विचारले नाही. शिवाय, साठवण्याची वृत्ती नव्याकडे धावते. गोधडी तर आधीच झिजलेल्याची बनते; तिच्यावर कोणी श्रीमंत होत नाही. तिची ओढ ही बहुधा मालमत्तेची ओढ नसते. ज्या हातांनी टाके घातले ते हात आता मातीत आहेत आणि त्यांची एवढीच खूण उरली आहे, ही जाणीव त्या ओढीत असते.

खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. आशा शोधू लागते, शोधणारे डोळे दोऱ्यांवर फिरू लागतात आणि हळूहळू दोरीवरचे कापड सोडून घरातल्या माणसांकडे वळतात. मोलकरीण, भाडेकरू, परप्रांतातून आलेला बिगारी यांची नावे मनात येऊ लागतात. पुरावा नसताना शेजाऱ्याला मनातल्या मनात चोर ठरविणे हा आठव्या आज्ञेचा भंग आहे, आणि सातव्या आज्ञेचा भंग ज्याच्यावर झाला त्याच्याकडूनच तो सहज होतो. त्या बाई वस्तीतल्या दोऱ्या पाहतात, पण घरे पाहत नाहीत. हा फरक फार थोड्यांना साधतो.

पाद्वाच्या संत अंतोनींना आपण हरवलेल्या वस्तूंसाठी विनवतो. त्यामागची आख्यायिका अशी की, मठ सोडून निघालेल्या एका उमेदवाराने त्यांची स्तोत्रसंहिता पळविली. संत अंतोनी १२३१ साली निवर्तले. छपाईचे युग तेव्हा दूर होते. म्हणजे ते पुस्तकही हाताने लिहिलेले, समासात त्यांची स्वतःची टिपणे असलेले, दुसऱ्याने भरून देता न येण्यासारखेच होते. त्यांनी प्रार्थना केली. उमेदवाराने पुस्तक आणून दिले आणि तो स्वतःही मठात परतला. नवस बोलताना आपण गोष्टीचा हा उत्तरार्ध सोडून देतो. आपली वस्तू परत यावी एवढेच मागतो. नेणाराही परत यावा, असे मागणारा भाविक मला क्वचितच भेटला आहे.

आता दोऱ्याचे दुसरे टोक. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिकवणीत, सापडलेली वस्तू जाणूनबुजून ठेवून घेणे हेदेखील सातव्या आज्ञेविरुद्ध मानले आहे, मग देशाचा कायदा त्याबद्दल काहीही म्हणो. आपला कायदाही येथे मागे नाही. १८७२ च्या करार अधिनियमाच्या ७१ व्या कलमाप्रमाणे, सापडलेली वस्तू जो ताब्यात घेतो त्याच्यावर ती ठेव म्हणून सांभाळण्याची जबाबदारी येते. आणि बाजारात विकत घेतली म्हणून चोरीची वस्तू आपली होत नाही. १९३० च्या मालविक्री अधिनियमाचे २७ वे कलम सर्वसाधारणपणे हेच सांगते की विकणाऱ्याचाच हक्क नसेल तर घेणाऱ्यालाही मिळत नाही. ज्याने अजाणता घेतली तो निर्दोष. पण कळल्या क्षणापासून त्याने ती धरून ठेवणे निर्दोष राहत नाही. पैसे बुडतील, ते त्याने विकणाऱ्याकडे मागावेत. लाज वाटत असेल तर धर्मगुरूच्या हाती वस्तू सोपवावी. ही जुनी वाट आजही खुली आहे. पापनिवेदनात कळलेले नाव धर्मगुरूच्या ओठांवर कधीही येत नाही.

जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले. गोधडीच्या बाबतीत हे औदार्यही अपुरे पडते, कारण चार नव्या गोधड्यांनी ती एक भरून निघत नाही. मग ती फाटून तिची लादी पुसायची फडकी झाली असतील तर? अशा वेळी परत करण्यासारखे काहीच उरले नाही असे चोर म्हणतो आणि सुटल्यासारखे मानतो. मला ते मान्य नाही. त्याच्यापाशी एक गोष्ट अजून शिल्लक असते: ती कोठे गेली आणि तिचे काय झाले, ही माहिती. एका ओळीच्या निनावी चिठ्ठीनेही ती देता येते. त्या चिठ्ठीने गोधडी परत येणार नाही. पण वाट पाहणारीला वाट पाहण्यातून सोडवता येईल. तिचा शोक करण्याचा हक्कही चोराने नेला होता, तो तरी तिला परत मिळेल.

परतण्याची मुदत किती लांब असू शकते, याचे एक उदाहरण देतो. १८४१ च्या एप्रिलमध्ये ‘राजा’ नावाचे जहाज सुमारे १८० स्त्री-कैद्यांना घेऊन इंग्लंडहून आजच्या टास्मानियाकडे निघाले. अशा कैद्यांपैकी पुष्कळजणींचा गुन्हा किरकोळ चोरीचा असे. एलिझाबेथ फ्राय यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या महिला समितीने त्यांना सुया, दोरा आणि कापडाचे तुकडे दिले होते. साडेतीन महिन्यांच्या प्रवासात त्यांतल्या काहीजणींनी २,८१५ तुकड्यांची एक भव्य गोधडी शिवली आणि तिच्या काठाशी टाक्यांनी मजकूर भरला: समितीचे आभार, जहाजाचे नाव, महिना आणि साल. होबार्टला पोहोचल्यावर ती राज्यपालांच्या पत्नीला, लेडी फ्रँकलिन यांना, अर्पण झाली. तेथून ती इंग्लंडला परत पाठविली गेली असावी. त्यानंतर तिचा माग लागत नाही. १९८७ साली ती स्कॉटलंडमधील एका घराच्या माळ्यावर आढळली आणि १९८९ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनात, कॅनबेऱ्याला, पोहोचली. चोर म्हणून देशाबाहेर काढलेल्या बायांच्या हातची ती वस्तू जवळजवळ दीडशे वर्षांनी ओळखू आली, कारण ती कोणत्या जहाजावर आणि केव्हा शिवली हे तिच्यावरच शिवलेले होते. शिवणाऱ्यांची नावे मात्र त्यांनी त्यात घातली नाहीत. आज अभ्यासक ती जहाजाच्या यादीतून शोधतात.

आपल्याकडच्या गोधड्यांवर नाव घालण्याची पद्धत सहसा नाही. घरातलीच वस्तू, नाव कशाला, असे आपल्या आज्यांना वाटले असेल. मे महिन्यात ज्या घरी अजूनही गोधडी अंथरली जाते, तेथील लेकी-सुनांनी पाठीच्या कोपऱ्यात शिवणारीचे नाव, गाव आणि साल एवढे चार टाके अधिक घालावेत. पक्क्या रंगाचा दोरा असेल तर उत्तम. तो धुण्यात लवकर विटत नाही.